मागे वळू नका, हे पुन्हा का सांगतोय

सांगलीच्या वाचकमित्रांनी माझ्या लेखाखाली लिहिलंय, "उड्डाण होताच ५०० फुटांवर इंजिन बंद पडलं तर समोरच्या रानात उतरा म्हणता. धावपट्टी पाठीशीच असताना विमान उसात घालायचं? हा भित्रेपणा आहे." त्यांची मुलगी विमान शिकतेय, म्हणून सविस्तर लिहितो.

दादा, पट्टी पाठीशी असते, पण नुसतं अर्धवर्तुळ फिरून ती सापडत नाही. वळताना विमान बाजूला सरकतं. परत रेषेत यायला एकूण अडीचशे अंशांच्या आसपास फिरावं लागतं. सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानाला ६५ नॉटला (ताशी साधारण १२० किलोमीटर) ३० अंश कलवलं तर यालाच पंचवीसेक सेकंद जातात. काय झालंय ते उमगायला आणखी चार. तोवर मिनिटाला आठशे-नऊशे फुटांनी उंची गळत असते. माझ्या शिक्षकांनी एकदा तीन हजार फुटांवर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायची दांडी, मागे ओढली आणि म्हणाले, "वळव." मी वळून सरळ झालो तेव्हा अल्टिमीटरचा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा साडेपाचशे फूट खाली होता. तो काटा मी विसरलेलो नाही.

जमीन जवळ दिसली की हात आपोआप नाक वर ओढतो आणि विमान जास्त कलवतो. ६० अंश कलवून नाक ओढून धरलं तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग, ४१ टक्क्यांनी वाढतो, इंजिनाशिवाय तरंगायच्या ६५ नॉटच्याही पुढे जातो. मग विमान गिरकी घेतं, आणि सावरायला उंची नसते.

वाऱ्याचंही बघा. ५० नॉटने टेकताना १० नॉटचा वारा समोर असेल तर जमिनीवरचा वेग ४०. वळून उलटं आलात, वारा पाठीशी, तर ६०. वेग दीडपट, पण धक्क्याची ऊर्जा सव्वादोनपट!

म्हणून आधी नाक खाली, ६५ नॉट. मग समोर डावी-उजवीकडे तीसेक अंशांत रान शोधायचं. कऱ्हाडच्या बाजूला तोड झालेलं रान मिळालं तर उत्तम, आणि उतरायचं सरीच्या दिशेने, आडवं नाही. उभा ऊसच असेल तर शेंड्यांनाच जमीन समजून अगदी कमी वेगात टेकायचं. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. इंधन आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद, फ्लॅप (वेग कमी करायला पंखामागे खाली येणाऱ्या पट्ट्या) लावून झाल्यावर मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, दार किलकिलं.

एक मात्र तुमचं बरोबर. "कधीच वळू नका" हे मी सरसकट लिहिलं होतं, ते दुरुस्त केलंय. हजार फुटांच्या वर, सराव असेल तर गोष्ट वेगळी. मुलीला सांगा, शिक्षक शेजारी असताना उंचावर स्वतःच्या विमानात किती फूट जातात ते मोजून घे, आणि ते चार सेकंद धरून मोज.