दार फक्त उघडले पाहिजे

इमारतीचा मालक, वास्तुविशारद, सुरक्षाप्रमुख आणि विजेचे कंत्राटदार यांचे एखाद्या गोष्टीवर एकमत होणे ही तशी दुर्मीळ घटना आहे; पण प्रवेशनियंत्रणाचा विषय निघाला की पहिल्याच बैठकीत हे चौघे एका सुरात सांगतात, की दारांचे काही अवघड नाही, कार्ड दाखवले की दार उघडले पाहिजे, एवढेच. मग सगळे माझ्याकडे पाहतात, कारण हे ‘एवढेच’ कागदावर उतरवणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. इमारतीतल्या प्रत्येक दाराला बिजागऱ्या कोणत्या, कुलूप कोणते, दार आपोआप लोटणारा क्लोजर कोणता आणि ते विजेने उघडायचे असल्यास त्याला आणखी काय काय जोडायचे, याचे तक्ते मी तयार करतो. नव्या ओळखीत कोणी व्यवसाय विचारला तर हल्ली मी ‘बांधकामाच्या क्षेत्रात आहे’ असे मोघम सांगतो, कारण खरे सांगितले की समोरचा माणूस त्याच्या घरच्या अडकणाऱ्या दाराची हकिकत सुरू करतो आणि पावसाळ्यात ते किती फुगते हे हाताने दाखवू लागतो.

कार्ड दाखवल्यावर दार उघडू देतो तो विजेचा स्ट्राइक, आणि त्याच्याविषयीचा पहिला गैरसमज असा, की ते कुलूप आहे. दाराच्या कडेतून डोकावणारी लॅचची तिरपी जीभ ज्या खाचेत जाऊन बसते, त्या खाचेची धातूची पट्टी चौकटीत बसवलेली असते आणि तिला स्ट्राइक म्हणतात. साध्या दारात ही पट्टी जन्मभर जागची हलत नाही. विजेच्या स्ट्राइकमध्ये मात्र त्या खाचेची एक भिंत फिरती असते, जिला कीपर असे नाव आहे. आतल्या सोलेनॉइडकडून, म्हणजे वीज मिळताच गाभा ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याकडून, इशारा मिळाला की कीपरला अडवून धरणारा अडसर सुटतो, आणि दार ओढताच कीपर बाजूला वळून जिभेला वाट करून देतो. जीभ होती तशीच बाहेर राहते. कुलपाला आपल्या हद्दीत काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. हट्ट दाराने धरायचा आणि पडते चौकटीने घ्यायचे, ही या यंत्रणेची सारी युक्ती आहे, आणि मला ती अजूनही फार देखणी वाटते. हे मी एकदा एका मालकांना रंगून समजावून सांगितले, तेव्हा सगळे ऐकून घेऊन त्यांनी शांतपणे विचारले, की मग या चौकटीचा रंग कोणता राहील.

त्यानंतर माझ्या प्रश्नांची पाळी येते आणि इथेच घोडे पेंड खाते. दाराला कुलूप दांड्यासारख्या मुठीचे साधे सिलिंड्रिकल आहे, की दाराच्या पोटात बसणारे मॉर्टिस, की पॅनिक बारबरोबर, म्हणजे अंगाच्या रेट्याने दार उघडणाऱ्या आडव्या दांड्याबरोबर, येणारे दाराच्या पृष्ठभागावरचे. लॅचची जीभ अर्धा इंच बाहेर येते की पाऊण इंच. चौकट लाकडी आहे, पत्र्याची आहे की ॲल्युमिनियमची, आणि तिच्या पोकळीत स्ट्राइकची पेटी मावेल एवढी खोली आहे की आत कोणी सिमेंटचा गिलावा ठासून भरला आहे. वीज 12 व्होल्टची की 24 व्होल्टची. दार अग्निरोधक आहे का. आणि ते डावे आहे की उजवे, एवढेच मला हवे असते. यातला शेवटचा प्रश्न लोकांना सर्वांत सोपा वाटतो आणि वाद नेमका त्याच्यावरच होतो. दाराची बाजू बाहेर उभे राहून ठरवायची असते, हे सर्वांना मान्य असते. पण दोन मार्गिकांच्या मधल्या दाराला ‘बाहेर’ कोणते, यावर वास्तुविशारद आणि सुरक्षाप्रमुख एकमेकांना आपापल्या नकाशावरची उत्तर दिशा दाखवत बसतात. उत्तर दिशेचा दाराशी काहीही संबंध नाही. ज्या बाजूला किल्ली किंवा कार्ड लागते ती बाजू बाहेरची, एवढा साधा हिशेब आहे, आणि तो सांगितल्यावर दोघेही माझ्याकडे, मी काही तरी लबाडी करतो आहे अशा नजरेने पाहतात.

काही मालकांना आणखी एक हौस असते. विजेचा स्ट्राइक लावून झाल्यावर रात्रीच्या निर्धास्तपणासाठी त्याच दाराला वर एक जादा डेडबोल्टही, म्हणजे किल्लीने सरकवायचा जाड अडसरही, हवा असतो. एक कुलूप चांगले तर दोन कुलुपे दुप्पट चांगली, हे गणित वरकरणी बिनचूक आहे. पण स्ट्राइक फक्त त्याच्या समोरच्या जिभेला वाट देतो, वरच्या बोल्टशी त्याची ओळखदेख नसते. सकाळी कार्ड दाखवल्यावर स्ट्राइक आज्ञाधारकपणे सुटतो, हिरवा दिवा लागतो, संगणकात प्रवेशाची नोंदही होते आणि माणूस बाहेरच उभा राहतो.

आता मुख्य प्रश्न : वीज गेल्यावर काय व्हावे? वीज गेली की सुटणाऱ्या स्ट्राइकला फेल-सेफ आणि वीज गेली तरी धरून ठेवणाऱ्याला फेल-सिक्युअर म्हणतात. बैठकीत हा प्रश्न ठेवला की सुरक्षाप्रमुख म्हणतात, दार बंदच राहिले पाहिजे, नाहीतर चोर मेन स्विच पाडून आत येईल. अग्निशमनाचे सल्लागार म्हणतात, दार उघडलेच पाहिजे, माणसे आत अडकता कामा नयेत. मग मालक दोघांचा मान राखत सुवर्णमध्य काढतात, की दार बंदही राहावे आणि उघडावेही. हसू दाबून मला सांगावे लागते, की साहेब, आपण अगदी बरोबर बोललात. स्ट्राइक फक्त बाहेरून आत येणाऱ्याचा विचार करतो. आतून बाहेर जाणारा माणूस मूठ खाली दाबतो, ती मूठ यांत्रिकपणे जीभ मागे ओढते, आणि वीज आहे की नाही याची चौकशी त्या मुठीने आयुष्यात कधी केलेली नसते. त्यामुळे फेल-सिक्युअर स्ट्राइक लावल्याने आतले कोणी अडकत नाही. हे मी आकृती काढून दाखवतो, सगळे माना डोलावतात आणि कार्यवृत्तात लिहिले जाते : ‘सुरक्षिततेसाठी सर्व दारे फेल-सेफ करावीत.’

अग्निरोधक दारांच्या बाबतीत हा ठराव सरळसरळ उलटा आहे. आग लागली की एका बाजूच्या तापलेल्या हवेचा दाब दाराला ढकलतो, आणि त्या वेळी दार आपल्या जिभेवर घट्ट बसून राहिले तरच ज्वाळा आणि धूर पलीकडे जात नाहीत. तिथे वीज जाताच सुटणारा स्ट्राइक लावला तर आगीसाठी आपणच दाराची कडी काढून ठेवली असे होते. जिन्याच्या दाराला तर दोन्ही गोष्टी लागतात : दार घट्ट बसलेलेही हवे आणि धूर भरलेल्या जिन्यातून माणसाला परत मजल्यावर येताही यायला हवे. तिथे स्ट्राइक कामाचा नाही. तिथे विजेवर चालणारे फेल-सेफ कुलूप लावतात, ज्याची बाहेरची मूठ वीज जाताच मोकळी होते, पण जीभ चौकटीतच राहते. एवढे स्पष्टीकरण ऐकेपर्यंत बैठकीतले निम्मे लोक पार्किंगच्या विषयाकडे वळलेले असतात.

एका बाबतीत मात्र मी कोणाचे ऐकत नाही. 30 डिसेंबर 1903 रोजी शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहात आग लागली आणि 600हून अधिक माणसे मेली. बाहेर पडायची काही दारे बंद होती, काहींना प्रेक्षकांना उमगणार नाहीत अशा कड्या होत्या. कार्ल प्रिंझलर नावाचा हार्डवेअर विकणारा गृहस्थ त्या प्रयोगाला जाणार होता, कामामुळे राहून गेला. पुढे त्याने इतरांच्या मदतीने, नुसत्या अंगाच्या रेट्याने दार उघडेल असा आडवा दांडा घडवून आणला आणि 1908मध्ये तो बाजारात आला. आज आपण ज्याला पॅनिक बार म्हणतो तो हाच. त्यामुळे ‘बाहेर जातानाही कार्ड लावा, म्हणजे कर्मचारी वेळेआधी पळणार नाहीत’ अशी सूचना आली की माझा आवाज चढतो. नोंद घेण्यासाठी हवे तर आतल्या बाजूलाही रीडर लावा, पण मुठीला हात लावायचा नाही.

यावर मालकांचे लाडके उत्तर असते चुंबक. 1200 पौंडांचे, म्हणजे सुमारे 540 किलोच्या ओढीचे चुंबक दाराच्या डोक्यावर बसवले की चौकटीत खाच नको, जिभेची मापे नकोत, डावे-उजवे नको. हे सगळे खरे आहे. फक्त चुंबकाला आतले आणि बाहेरचे यांतला फरक कळत नाही. ते दोघांनाही तेवढ्याच निष्ठेने धरून ठेवते. म्हणून आतून जाणाऱ्यासाठी हालचाल टिपणारा सेन्सर, तो चुकला तर थेट वीज तोडणारे बटण, शिवाय आगीच्या गजराशी जोडणी, अशी वरात त्याच्यामागे निघते. त्यात ही ओढ कागदावरची असते. दारावरची लोखंडी पट्टी चुंबकाला सपाट टेकली तरच ती मिळते, आणि त्यासाठी ती पट्टी रबरी चकतीवर किंचित डुलती ठेवायची असते. कसलेल्या सुताराला डुलणारी वस्तू पाहवत नाही. तो पान्याने बोल्ट असा आवळतो, की पट्टी तिरकी ती तिरकीच राहते, मध्ये कागद जाईल एवढी फट पडते आणि 540 किलोंचे चुंबक खांद्याच्या एका धक्क्याला शरण जाते.

तक्ता मंजूर होतो आणि खरी परीक्षा सुरू होते, कारण दार नेमके कोणाचे, हे ठरलेले नसते. उत्तर अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मास्टरफॉरमॅट नावाच्या वर्गवारीत 2004मध्ये पूर्वीच्या 16 विभागांचे 50 झाले. तीत दारे आणि त्यांचे हार्डवेअर विभाग 08मध्ये, वीज विभाग 26मध्ये आणि इलेक्ट्रॉनिक सुरक्षा विभाग 28मध्ये येते. विजेच्या स्ट्राइकचा लोखंडी देह 08मध्ये, प्राण 26मध्ये आणि बुद्धी 28मध्ये, अशी ही वाटणी आहे. तिन्ही नकाशांवर त्या दारापाशी एक बाण काढलेला असतो आणि बाणाच्या शेपटाशी ‘हे काम इतरांकडे’ असे लिहिलेले असते. तिघांनीही तसे लिहिल्यावर ‘इतर’ म्हणून उरतो तो मी. प्रत्यक्ष जागेवर गेलो की स्ट्राइक खोक्यात, खोके कोठीत, केबलचे टोक छतावरच्या पोकळीत हातभर अंतरावर लोंबकळणारे, आणि चौकट आधीच रंगवून बसवलेली. मग तिला जागेवरच कापायची टूम निघते. अग्निरोधक चौकटीला जागेवर असे करवतायचे नसते हे मी सांगतो, तेव्हा करवत हातात घेतलेला माणूस मला विचारतो, की मग इतका वेळ तुम्ही होता कुठे.

तारांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. नेहमीच्या एका स्ट्राइकला 12 व्होल्टवर साधारण 450 मिलीअँपिअर लागतात. वीजपुरवठ्याची पेटी 60 मीटर दूर ठेवली आणि 0.33 चौरस मिलिमीटरची बारीक तार ओढली, तर जाऊन-येऊन 120 मीटर तारेचा रोध सहा ओहमच्या पुढे जातो आणि वाटेतच जवळजवळ 3 व्होल्ट खर्ची पडतात. दाराशी 9 व्होल्ट पोचतात आणि स्ट्राइक सुटण्याचा नुसता विचार करून थांबतो. तोच स्ट्राइक 24 व्होल्टवर निम्मा प्रवाह घेतो आणि वाटेतली गळती दीड व्होल्टच्या आतच राहते. हा हिशेब एका कागदावर मावतो. तरीही स्ट्राइक तीनदा बदलून पाहतात. तार बदलायचे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

आणि सगळे काही अचूक बसल्यावर माणसे येतात. त्यांना घाई असते. ती आधी एका हाताने दार जोरात ओढतात आणि मग दुसऱ्या हाताने खिशातले कार्ड शोधतात. ओढलेल्या दाराची जीभ कीपरवर रेटून बसलेली असते, त्या भाराखाली आतला अडसर चिकटून राहतो, आणि सोलेनॉइडने कितीही जीव काढला तरी तो सुटत नाही. हात किंचित सैल सोडला तर दार तत्क्षणी उघडेल. पण दार उघडत नाही असे दिसल्यावर हात सैल सोडणारा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. तो आणखी जोराने ओढतो. नवे रबरी गॅस्केट किंवा मार्गिकेतल्या वातानुकूलनाचा दाब हेच काम कोणाच्याही मदतीशिवाय करतो. अशा दारांसाठी भाराखालीही सुटणारे खास स्ट्राइक मिळतात. ते मी तक्त्यात लिहितो आणि खर्च कमी करण्याच्या बैठकीत सर्वांत आधी तेच कापले जातात.

अलीकडे एका कार्यालयाचे काम कोणत्याही तक्रारीविना पार पडले, आणि नंतर व्यवस्थापकांचे पत्र आले, की मुख्य दाराचे कुलूप बिघडले आहे. जाऊन पाहिले तर स्ट्राइक बिनचूक सुटत होता. अडचण अशी होती, की जुन्या इमारतीतला त्यांचा स्ट्राइक एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर, चालत असे. 50 हर्ट्झच्या विजेवर त्याची गाभ्याची पट्टी सेकंदाला 100 वेळा थरथरून मोठ्याने गुरगुरायची, आणि ते ऐकून लोक दार ओढायचे. नवा स्ट्राइक डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारा, म्हणून निःशब्द. लोक कार्ड दाखवून गुरगुर ऐकू येण्याची वाट पाहत उभे राहत, पाच सेकंद संपत आणि दार पुन्हा बंद होई. मी रीडरमधली बारीक शीळ चालू करून दिली. ती स्वागतकक्षातल्या मंडळींच्या डोक्यात जाऊ लागली. शेवटी व्यवस्थापकांनी लेखी विचारले, की जुना आवाज परत मिळेल का. मिळेल, असे मी कळवले, कारण निवडलेला स्ट्राइक दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा आहे. मात्र एसी ट्रान्सफॉर्मरबरोबर, वीज जाताच स्ट्राइक बॅटरीकडे वळवणारा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, लागेल, आणि वीज गेल्यावर बॅटरी डीसीच देत असल्यामुळे तेवढ्या वेळापुरता स्ट्राइक गप्प राहील. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले : प्रस्ताव मंजूर आहे, फक्त वीज गेल्यावर आवाज येत नसला तरी दार ओढावे, अशी पाटी लावण्याचे काम कोणत्या विभागाकडे असेल ते कळवावे.