लॅरी होम्स ‘आजारी अलीला मारून’ मोठा झाला नाही

हेवीवेट बॉक्सिंगचा विषय निघाला की अमेरिकन बॉक्सर लॅरी होम्सबद्दल एक ठरावीक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: होम्स हा मुहम्मद अलीचा सरावातला जोडीदार, अलीचीच नक्कल करणारा, म्हाताऱ्या, आजारी अलीला झोडपून त्याने नाव कमावलं, त्याच्या काळात समोर दमदार कुणी नव्हतंच, आणि शेवटी माइक टायसनने त्याला चार फेऱ्यांत कायमचा संपवला. आधीच्या आणि नंतरच्या दोन बड्या नावांमध्ये चेंगरलेल्या माणसावर हा सरळसरळ अन्याय आहे.

सगळ्यात जास्त पसरलेला मुद्दा अलीचा, म्हणून आधी तोच. नुसत्या तारखा लावून पाहिल्या तरी तो कोसळतो. होम्स आणि अली यांची लढत 2 ऑक्टोबर 1980 ची. होम्स डब्ल्यूबीसीचा (जागतिक किताब देणाऱ्या संघटनांपैकी एक) विजेता झाला 9 जून 1978 रोजी, लास व्हेगासमध्ये, केन नॉर्टनला हरवून. म्हणजे अली समोर आला तेव्हा होम्स दोन वर्षांहून जास्त काळ गादीवर होता आणि सात वेळा किताब राखून बसला होता. या सातही लढती पंचांच्या गुणांपर्यंत गेल्याच नाहीत, त्याआधीच निकाली निघाल्या.

आणि ती नॉर्टनची लढत! जो अलीचा जबडा मोडून गेला होता, तो हा नॉर्टन. लढतीच्या काही दिवस आधी होम्सच्या डाव्या हाताला दुखापत झालेली, आणि त्याचा सगळा खेळ डाव्या हाताच्या जॅबवर, म्हणजे समोर सरळ मारलेल्या ठोशावर, उभा. पहिल्या फेऱ्यांमध्ये त्याने जॅब आणि पायांच्या जोरावर आघाडी घेतली, मग नॉर्टन अंगावर येत राहिला आणि हिशेब फिरत गेला. चौदा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कार्डावर (गुणपत्रकावर) बरोबरी होती. पंधरावी फेरी एकदा तरी पाहावी. दोघांच्याही अंगात त्राण उरलेलं नाही, बचावाचा विचार दोघांनीही सोडलेला, रिंगच्या मधोमध उभं राहून एकमेकांवर ठोसे चाललेत. आणि शेवटाकडे होम्सचे अपरकट (खालून वर येणारे ठोसे) नॉर्टनला हलवून सोडतात. दोन पंचांनी ती फेरी होम्सला दिली, एकाने नॉर्टनला. एका गुणाने किताब मिळाला. तो त्याला कुणी आयता दिला नव्हता, आणि अली त्या रात्री रिंगमध्ये नव्हता.

अलीशी झालेली लढत मात्र खरोखर बघवत नाही. अली 38 वर्षांचा, निवृत्तीतून परतलेला. एकही फेरी त्याला जिंकता आली नाही. होम्स मध्येच रिंगमधल्या पंचाकडे बघायचा, थांबवा आता, अशा नजरेने. दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली आणि नंतर होम्स रडला. ज्याच्या छावणीत आपण घडलो त्या माणसाला मारण्यात त्याला कसला आनंद असणार? अलीला त्या अवस्थेत रिंगमध्ये उतरू देणाऱ्यांना जाब विचारायला हवा. पण लोक चार दशकं तो होम्सलाच विचारत आले आहेत. त्या विजयाने त्याची प्रतिष्ठा वाढली नाही, उलट अलीच्या चाहत्यांनी त्याला कधी माफ केलं नाही.

आता नक्कल. अलीच्या डिअर लेकच्या छावणीत होम्सने सत्तरच्या दशकात सराव केला, हे खरं. हात थोडे खाली ठेवणं, मागे झुकून ठोसा चुकवणं हे तिथलंच. पण जॅब त्याचा स्वतःचा. अलीचा जॅब चपळ, चाबकासारखा. होम्सचा जड, सरळ, समोरच्याची मान मागे ढकलणारा. आणखी एक फरक अर्नी शेव्हर्सच्या लढतींतून कळतो. त्या काळात शेव्हर्सइतका जबर ठोसा मारणारे फार थोडे होते. 1979 च्या सप्टेंबरमध्ये सातव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताचा ठोसा बसला आणि होम्स पाठीवर आडवा. तो उठला, डोळे अजून ठिकाणावर नव्हते तरी उरलेली फेरी तगला आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सलाच थांबवलं. नक्कल करून एवढं होत नाही.

‘समोर कुणी नव्हतंच’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करायला हवं. 1983 मध्ये जेमतेम दहा लढती खेळलेल्या मार्व्हिस फ्रेझरशी तो लढला, आणि त्याच सुमारास ग्रेग पेजशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा किताब सोडून दिला. आव्हानवीर टिम विदरस्पूनने त्याला 1983 मध्ये शेवटपर्यंत झुंजवलं. विदरस्पूनला दुसरी संधी द्यायला हवी होती, ती दिली नाही. पण बाकीची यादी वाचा. नॉर्टन, वीव्हर, अली, बर्बिक, लिऑन स्पिंक्स, विदरस्पून, जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथ: हे सातही जण कधी ना कधी हेवीवेट किताबधारी होते, आणि सातही जण होम्सकडून हरले. ज्या बर्बिकला हरवून टायसन 1986 मध्ये सगळ्यात तरुण हेवीवेट विजेता ठरला, त्याला होम्सने पाच वर्षं आधीच पंधरा फेऱ्यांत हरवलं होतं. त्याच माणसाला हरवणं टायसनच्या खात्यात पराक्रम आणि होम्सच्या खात्यात सोपा काळ, हे कसं? जेरी कूनीच्या लढतीत तर 1982 मध्ये विजेता होम्स असून रिंगमध्ये आधी नाव त्याचं पुकारलं गेलं, आव्हानवीराचं नंतर. तेराव्या फेरीत कूनीला थांबवून होम्सने उत्तर दिलं.

मायकल स्पिंक्सकडून तो 1985 मध्ये हरला, तेव्हा त्याच्या खात्यात 48 विजय होते आणि एकही पराभव नव्हता. कधीही न हरलेला जुना हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो याच्या 49 विजयांची बरोबरी एका लढतीने हुकली. त्या रात्री मार्सियानोबद्दल तो जे बोलला ते बोलायला नको होतं, आणि त्याची मोठी किंमत त्याने मोजली. पण तो जिभेचा दोष, खेळाचा नव्हे.

राहिला टायसन. 22 जानेवारी 1988 ला होम्स 38 वर्षांचा होता आणि जवळपास दोन वर्षं एकही लढत खेळलेला नव्हता. अलीही होम्ससमोर 38 चाच होता. एका विजयात वय आणि खंड मोजायचे आणि दुसऱ्यात विसरायचे, असं चालणार नाही. आणि ‘संपवला’ कसा? त्यानंतर 1992 मध्ये, 42 व्या वर्षी, सोलचा ऑलिम्पिक सुवर्णविजेता आणि तोवर अपराजित असलेल्या रे मर्सरला होम्सने बारा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. पुढे तेव्हाचा विजेता होलीफिल्डसमोर पूर्ण बारा फेऱ्या उभा राहिला. एकूण 75 व्यावसायिक लढतींत त्याला वेळेआधी थांबवू शकलेला टायसन हा एकटाच. आणि 1995 मध्ये, लेनॉक्स लुइसला नॉकआउट केलेल्या ऑलिव्हर मॅकॉलसमोर तो किताबासाठी उतरला तेव्हा 45 वर्षांचा होता. ती लढत तो हरला, पण दोन पंचांच्या कार्डावर फरक फक्त एका गुणाचा होता.