हात बॅटचा भाग असतो म्हणे

टीव्हीशी भांडायची आमच्या घराण्यात परंपरा आहे. आजोबा रेडिओशी भांडायचे, आप्पा बातम्यांशी भांडतात, आणि मी इथे न्यू जर्सीत सोफ्यावर बसून बेसबॉलच्या कॉमेंटेटरशी भांडतो. "त्याला ऐकू जातंय का तुझं?" असं बायको दर दहा मिनिटांनी विचारते. नाही जात गं, माहितीये मला, पण बोलल्याशिवाय राहवत पण नाही.

झालं असं की पोरगी सॉफ्टबॉलला (बेसबॉलची धाकटी बहीण म्हणा) लागली, बारा वर्षांखालच्या टीममध्ये, आणि लीगला अंपायर कमी पडत होते. कोच मला म्हणाला, तू क्रिकेट खेळलायस ना मग तुला जमेल. इथल्या लोकांना क्रिकेट आणि बेसबॉल सख्खे भाऊ वाटतात, खरं तर लांबचे चुलत आहेत आणि लग्नकार्याशिवाय बोलत नाहीत. तरी मी हो म्हटलं. एका शनिवारी तीन तासांचं ट्रेनिंग, की हातात बॉल-स्ट्राइक (तीन स्ट्राइक झाले की बॅटर आऊट) मोजायचा क्लिकर, बॅटरच्या पुढ्यातली प्लेट झाडायला चिमुकला ब्रश आणि अंगात निळा शर्ट. त्या शर्टामुळे इथे अंपायरला सगळे 'ब्लू' म्हणतात, नावबिव कुणी विचारत नाही.

आता तीन तासांत रूल बुक काय डोंबल वाचून होणार. म्हटलं, रोज रात्री टीव्हीवर मॅच असते, एवढी वर्षं खेळलेली माणसं बोलत असतात, ऐकून ऐकून शिकू. तिथंच घात झाला.

शुक्रवारी रात्री मॅच बघत होतो. बॅटरच्या बोटांवर बॉल आदळला आणि एक्सपर्ट एकदम ठासून म्हणाला, हात म्हणजे बॅटचाच भाग असतो. मला तर भरूनच आलं, कारण क्रिकेटमध्ये बॅट धरलेला हात, ग्लोव्ह, सगळं बॅटच धरतात, ग्लोव्हला लागून कॅच गेला की आऊट, हे आम्ही सांगलीच्या गल्लीत दुसरीत शिकलो. म्हटलं चला, एक तरी नियम माहेरचा निघाला.

शनिवारी सकाळी नऊची मॅच. एका पोरीने बॅट फिरवली, बॉल थेट बोटांवर आणि तिथून टुणटुण करत पिचरकडे, म्हणजे आपल्या बोलरकडे. मी दोन्ही हात फेअर साइडला दाखवून, म्हणजे बॉल मैदानातच आहे असं सांगून, खेळ चालू ठेवला. ती बिचारी बॅट टाकून, एक हात दुसऱ्या काखेत दाबून, भोकाड पसरत फर्स्ट बेसकडे (बॅटरने पळत गाठायचा पहिला थांबा) पळतेय, पिचरने थ्रो केला, आणि मी मूठ आवळून "आऊट!" दोन सेकंद ग्राउंडवर चिटपाखरू बोलेना. मग तिची आई उठली. त्या बाई काय बोलल्या ते मराठीत भाषांतर करण्यासारखं नाही. कोच बर्फाची पिशवी घेऊन पळाला आणि माझ्यापुढे बसलेली कॅचर (आपली विकेटकीपर), वय वर्षं अकरा, मास्कमधूनच हळूच म्हणाली, "ब्लू, हात बॅट नसतो. डेड बॉल आहे, फक्त स्ट्राइक दे."

बरोबर होतं तिचं. हात माणसाचा असतो. बॉल अंगाला लागला की खेळ तिथंच थांबतो, बॅट फिरवली असेल तर स्ट्राइक, नसेल तर बहुतेक वेळा फुकटात फर्स्ट बेस. क्लिकर मागे फिरवला, पोरीला परत बोलावलं, सॉरी म्हटलं. तिने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

त्या रात्री रूल बुक घेऊन टीव्हीसमोर बसलो, तेव्हापासून झोप गेलीये. कारण एक पकडलं की दुसरं सापडतं. "टाय झाला की रनरचा फायदा" (टाय म्हणजे पळणारा आणि बॉल बेसवर एकदमच पोचले) हे तर ही मंडळी आरती म्हटल्यासारखं म्हणतात. बेसबॉलच्या पुस्तकात असं वाक्यच नाही! बॉल हिट करून पळणाऱ्याला आऊट करायला फर्स्ट बेस त्याच्या 'आधी' टच व्हायला हवा, म्हणजे तिथे टायचा फायदा त्याला मिळतो हे खरं. पण मागून येणाऱ्याला जागा करायला पुढच्या बेसवर ज्याला पळणं भागच आहे (याला फोर्स म्हणतात) त्याने स्वतः बॉलच्या 'आधी' पोचायला हवं, म्हणजे तिथे टाय झाला तर तोच आऊट. बायकोला हे समजावत होतो, ती म्हणाली कुकर बंद कर.

आणि इन्फिल्ड फ्लाय! फर्स्ट आणि सेकंडवर किंवा तिन्ही बेसवर रनर, दोनपेक्षा कमी आऊट, आणि इन्फिल्डर (बेसच्या आसपासचा फिल्डर) सहज झेलेल असा उंच बॉल उडाला, की बॅटर तिथंच आऊट, मग झेल सुटला तरी. नाहीतर रनर झेलाची वाट बघत बेसवर थांबायचे आणि फिल्डर मुद्दाम बॉल सोडून दोघांना आऊट करायचे, म्हणून 1895 मध्ये हा नियम आणला. सव्वाशे वर्षं झाली, अजून टीव्हीवर कुणीतरी म्हणतंच की बॉल डेड झाला. डेड नसतो हो! रनर स्वतःच्या जबाबदारीवर पळू शकतो. 2012 ला अटलांटात ब्रेव्ह्ज आणि कार्डिनल्स या टीम्सची नॉकआउट मॅच होती, बॉल पडला पार लेफ्ट फिल्डच्या, म्हणजे बेसच्या पलीकडच्या आऊटफिल्डच्या, गवतात आणि अंपायर सॅम होलब्रुक यांनी इन्फिल्ड फ्लाय दिला, लोकांनी बाटल्या फेकल्या, 19 मिनिटं मॅच बंद. आजही विषय निघाला की "बॉल तर आऊटफिल्डमध्ये होता" येतंच. अरे पण नियम गवताचा नाही, शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला इन्फिल्डर) तो बॉल सहज झेलता आला असता का एवढाच प्रश्न! (ते 'सहज' अंपायरने ठरवायचं, आणि तिथं मात्र मीही त्या निर्णयाच्या बाजूने नाही. असो.)

बेसबॉलवाला माणूस सॉफ्टबॉलच्या कॉमेंट्रीला बसवला की तर बघायलाच नको. रनर बेस सोडून पुढे का उभी नाही म्हणून हळहळतो, तिला पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत पाय हलवायचा नसतो हे त्याच्या गावीच नसतं. पिचर तिच्याभोवती आखलेल्या सर्कलमध्ये बॉल घेऊन उभी राहिली की रनरने लगेच पुढे जायचं नाहीतर मागे फिरायचं, मध्येच रेंगाळली तर आऊट, हे बघून तो म्हणतो, काहीतरी गोंधळ झालेला दिसतोय. गोंधळ तुझ्याकडे झालाय बाबा. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय.

यंदा आप्पा आले तीन महिन्यांसाठी. ओक्लाहोमा सिटीच्या कॉलेज सॉफ्टबॉलच्या मॅचेस लागल्या होत्या, आणि नेमकं सेकंड बेसवर फोर्स आऊट दिल्यावर कॉमेंटेटर म्हणाला, टाय रनरचा. आप्पांनी मान डोलावली. "बरोबर बोलतोय तो. संशयाचा फायदा बॅट्समनला."

मी पुस्तक आणलं. पान काढलं. बोट ठेवून वाचून दाखवलं.

"अरे पण तो एवढी वर्षं खेळलाय," आप्पा म्हणाले, "तू काय खेळलायस?"

शनिवारी ते ग्राउंडवर आले, फोल्डिंगची खुर्ची, डोक्याला कानटोपी, जूनमध्ये. कुठल्या तरी आजीशेजारी बसून शेंगदाणे खात होते, मला बरं वाटलं, म्हटलं रमलेत. चौथ्या इनिंगला सेकंड बेसवर एकदम क्लोज प्ले झाला, मी धावत गेलो, नीट बघितलं, मूठ आवळली, आऊट.

मागून सांगली घुमली, "अरे टाय होता की रे, ब्लू!"