खुलासा: श्रीनिवासन अमेरिकेचे सरन्यायाधीश नव्हेत
‘चंडीगडला जन्मलेले श्री श्रीनिवासन अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले, ट्रम्प यांनी त्यांना नेमलं’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले ते वॉशिंग्टनच्या डी. सी. सर्किट या संघीय अपील न्यायालयाचे. हे पद सेवाज्येष्ठतेनं मिळतं, राष्ट्राध्यक्ष देत नाहीत. त्यांना न्यायाधीश नेमलं ओबामांनी. मे 2013 मध्ये सिनेटनं 97 विरुद्ध 0 मतांनी मंजुरी दिली. शपथ घेताना भगवद्गीता आईनं हाती धरली होती. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं, पण ओबामांनी उमेदवारी न्यायाधीश मेरिक गार्लंड यांना दिली. आणि हो, नावातलं ‘श्री’ म्हणजे श्रीकांत. मूळ कर्तृत्वच इतकं मोठं आहे, कृपया ते खरं तेवढंच पुढे पाठवा.