'डोस वाढवा, विषय संपला' : एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

टाईप वन मधुमेह आणि दाहशामक औषधं या विषयावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा रात्री जे लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात लिहिलेलं मागे घेता येत नाही, म्हणून दोन दिवस थांबले. राग अजून गेलेला नाही. तरी लिहिते.

लेख नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या एका चाचणीवर होता: टाईप वनच्या चौदा जणांना आठवडाभर अनाकिन्रा हे दाहशामक औषध दिलं आणि इन्सुलिन जास्त लागू पडतं का ते पाहिलं. बाकीच्या वाचकांना शोधत बसायला लागू नये म्हणून तुमचं म्हणणं इथे देते. "चौदा माणसं, आठवडाभराचं औषध, तुलनेला दुसरा गट नाही आणि त्यावर एवढा लांबलचक लेख? टाईप वनमध्ये मुळात इन्सुलिनच नसतं, तिथे रेझिस्टन्स कुठून आला? शुगर चढली तर डोस वाढवा, विषय संपला. २०१३ मध्ये हेच औषध टाईप वनमध्ये फेल गेलं, ते सोयीने लपवलंत. असलं वाचून लोक उद्या मेडिकलमधून पेनकिलर आणून खातील. स्वतःला आजार आहे म्हणून कोणी तज्ज्ञ होत नाही, ताई." (रेझिस्टन्स म्हणजे इन्सुलिन असूनही ते अंगाला नीट लागू न पडणं.) खाली सही 'एक डॉक्टर'. नाव नाही, गाव नाही, तुम्ही कशाचे डॉक्टर तेही नाही. मी माझं नाव, वय, आजार सगळं या पानावर उघडं ठेवून लिहिते. समोरच्याने निदान स्वतःचं नाव सांगून बोलावं एवढी अपेक्षा फार नसावी.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. नेदरलँड्समधल्या त्या चाचणीबद्दल लिहिताना 'अनाकिन्राने इन्सुलिन जास्त लागू पडतं हे सिद्ध झालं' असं वाक्य माझ्या हातून गेलं होतं. 'सिद्ध झालं' हे जास्तच झालं, 'दिसलं' म्हणायला हवं होतं. काल ते दुरुस्त केलं आणि दुरुस्तीची तारीखही खाली टाकली. चूक होती, मान्य आहे.

पण 'सोयीने लपवलंत'? हा शब्द तुम्ही समोर बसून मला म्हणाला असतात का? २०१३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन चाचण्या एकत्र छापून आल्या, एक कॅनाकिनुमॅब या तशाच औषधाची आणि एक अनाकिन्राची, प्रत्येकी ६९ जणांची. दोन्ही नुकत्याच टाईप वन झालेल्यांवर होत्या. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या ज्या थोड्या बीटा पेशी शिल्लक असतात त्या या औषधाने वाचतात का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यासाठी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं याची खूण) मोजलं होतं. उत्तर 'नाही' असं आलं. मी ज्या चाचणीवर लिहिलं तिथे पेशी वाचवण्याचा प्रश्नच नव्हता. वजन वाढलेले, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) साडेसातच्या वर असलेले टाईप वनचे लोक घेतले, रोज १०० मिलिग्रॅम अनाकिन्रा आठवडाभर टोचलं, आणि बाहेरून घेतलेलं इन्सुलिन त्यांच्या अंगाला पूर्वीपेक्षा जास्त लागू पडतं का ते पाहिलं. पडलं, आणि औषध थांबवल्यावरही फरक टिकलेला दिसला. एक प्रश्न विहिरीला पाणी आहे का याचा, दुसरा पाटातून ते पिकापर्यंत पोचतं का याचा. विहीर कोरडी निघाली म्हणून पाटाची गळती तपासायचीच नाही असं कोणता शेतकरी म्हणेल? दुसऱ्या प्रश्नावरच्या लेखात मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, याला लपवणं म्हणत नाहीत. हा शब्द तुम्ही मागे घ्यावा असं मला वाटतं.

तरीही माझी झोप त्या शब्दाने उडाली नाही. ती उडाली 'डोस वाढवा, विषय संपला' या चार शब्दांनी.

मला टाईप वन निघाला १९९१ च्या जूनमध्ये. वय ११, राहायला गडहिंग्लज. आमच्याकडे तेव्हा इन्सुलिनचं पेन नव्हतं, ग्लुकोमीटर आमच्या गावात कोणी पाहिलेला नव्हता. आई काचेची सिरिंज रोज सकाळी पातेल्यात उकळायची. इन्सुलिनची बाटली शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये. शुगर बघायची ती लघवीतली: परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर घरात सगळे हसून बोलायचे. हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी, असा रंग चढत गेला की सगळे गप्प. बाबा रोजचा रंग आणि रोजची युनिटं दोनशे पानी वहीत लिहायचे. ती वही माझ्या कपाटात आहे. हे लिहिताना समोर उघडून ठेवली आहे.

१९९३ च्या दिवाळीत दिवसाला २८ युनिटं अशी नोंद आहे. १९९५ च्या मार्चमध्ये ५४. मधल्या काळात माझं वजन आठ किलोंनी वाढलं, उंची वाढली, पाळी सुरू झाली. जेवण तेच होतं, दीड भाकरी, भाजी, ताक. तरी नळी विटकरी. बाबा मला घेऊन एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही चाळली, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि बाबांना म्हणाले, "पोरगी चोरून खातेय. डोस वाढवा आणि डबे कुलपात ठेवा."

बाबांनी तेच केलं. फडताळाला कुलूप लागलं. फराळाचे डबे माळ्यावर गेले. शाळेतून आले की आई आधी माझ्या तोंडाचा वास घ्यायची. धाकट्या भावाला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं, तो तेव्हा आठ वर्षांचा होता. डोस वाढला, रात्री दोन-दोन वाजता मी घामाने भिजून थरथरत उठायला लागले, मग साखर-पाणी, मग सकाळी पुन्हा विटकरी, आणि पुन्हा तोच संशय. मी चोरून खात नव्हते, डॉक्टर. आज पंचेचाळिशीतही मला ते सांगावंसं वाटतं, कारण बाबा गेले तेव्हाही त्यांच्या मनात थोडी शंका राहिलीच असेल असं मला वाटत राहतं.

आणि आता हे बघा. माझ्यावर तो आळ यायच्या नऊ वर्षं आधी, १९८६ मध्ये, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्टेफनी एमिएल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला होता. वयात येताना मुलांच्या अंगाला इन्सुलिन कमी लागू पडतं. मधुमेह नसलेल्या मुलांचंही तसंच होतं, टाईप वन असलेल्यांचं अधिक होतं, आणि या वयात शुगर आटोक्यात न राहण्याचं ते एक कारण आहे. हे छापील होतं. माझ्या वहीवर ज्यांनी निकाल दिला त्यांच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं, आणि तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटतं की तुमच्यापर्यंतही पोचलेलं नाही.

त्याच्याही आधीचं हवं असेल तर १९८२. डीफ्रॉन्झो, हेंडलर आणि सायमनसन यांनी टाईप वनमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स ठळकपणे असतो हे दाखवलं, अगदी शीर्षकातच तसं लिहिलं. दाखवलं कसं? क्लॅम्प नावाच्या तपासणीने. एका शिरेतून ठरलेल्या वेगाने इन्सुलिन सोडायचं, दुसरीकडून ग्लुकोज, आणि रक्तातली साखर एकाच पातळीवर धरून ठेवायची. त्यासाठी जितकं जास्त ग्लुकोज सोडावं लागेल, तितकं शरीर इन्सुलिनला दाद देतंय असं समजायचं. नायमेगेनच्या त्या चौदा जणांवरही हीच तपासणी केली होती. या तपासणीत पेशंट काय खाऊन आला, खरं बोलतो की खोटं, याला काही जागाच नाही. मला चौदाव्या वर्षी कोणी क्लॅम्पवर झोपवलं असतं तर आमच्या फडताळाला कुलूप लागलं नसतं.

'इन्सुलिनच नसतं, तिथे रेझिस्टन्स कुठून' हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण आपण इन्सुलिन टोचतो ना? निरोगी माणसाचं इन्सुलिन स्वादुपिंडातून निघून आधी यकृताकडे जातं. आमचं पोटाच्या कातडीखाली शिरतं आणि तिथून सगळ्या अंगभर फिरतं. यकृताला कमी मिळतं, स्नायूंवर दिवसभर जास्त इन्सुलिनचा मारा होतो. त्यात वजन वाढलं, त्यात घरात टाईप टू असला, की भर पडते. मला टाईप वन निघाला त्याच वर्षी, १९९१ मध्ये, ट्युपे आणि बर्गिस यांनी 'डबल डायबेटिस' हा शब्द वापरला तो अशाच लोकांसाठी: टाईप वन, पण घराण्यात टाईप टू, वजन जास्त, आणि भरपूर इन्सुलिन घेऊनही शुगर हाती न लागणारे. माझ्या आईला टाईप टू आहे, दोन्ही मावश्यांना आहे.

आणि डोस वाढवून विषय संपत नाही, तो तिथून सुरू होतो. १९९३ चा डीसीसीटीचा, म्हणजे टाईप वनवरच्या त्या मोठ्या चाचणीचा, निकाल तुम्हाला पाठ असेल. १४४१ जण. शुगर घट्ट ठेवल्याने डोळे, किडनी, नसा वाचल्या, आणि माझी नजर आज शाबूत आहे ती त्याच ज्ञानाच्या जोरावर, हे मी कधीच विसरणार नाही. पण त्याच चाचणीत जोरदार लो होण्याचं, म्हणजे शुगर धोकादायक खाली जाण्याचं, प्रमाण तिपटीच्या घरात गेलं आणि वजनं वाढली. वजन वाढलं की इन्सुलिन आणखी. पिट्सबर्गमध्ये टाईप वनच्या लोकांना दहा वर्षं पाहिलं, २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कोणाला हृदयाच्या धमन्यांचा आजार होईल याचा अंदाज इन्सुलिन रेझिस्टन्सशी जोडलेल्या गोष्टींवरून आला, शुगरच्या आकड्यावरून आला नाही. म्हणजे मी डोस वाढवून एचबीएवनसी सात आणला तरी माझ्या हृदयाचा प्रश्न तिथेच राहू शकतो. हे वाचल्यापासून मी रेझिस्टन्सवरचं प्रत्येक औषध हातात भिंग घेऊन वाचते, आणि त्याला तुम्ही 'एवढा लांबलचक लेख' म्हणता.

दाहाचा याच्याशी संबंध काय, हेही माझ्या वहीत आहे, नंतरच्या वहीत. २०१६ च्या पावसाळ्यात माझ्या अक्कलदाढेला पू झाला. दिवसाला ४४ युनिटं घेणारी मी आठवड्यात ७२ वर गेले. जेवण तर अर्ध्यावर आलं होतं, तोंडच उघडत नव्हतं. दाढ काढली, प्रतिजैविकं झाली, आणि सहाव्या दिवशी पुन्हा ४६. प्रत्येक टाईप वनवाल्याने हे ताप आल्यावर अनुभवलेलं असतं. दाह पेटला की इन्सुलिन बोथट होतं. दाढेचा दाह थोड्या दिवसांचा. वाढलेल्या चरबीबरोबर येणारा मंद दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो, आणि इंटरल्युकिन वन त्यातलाच एक निरोप्या आहे. अनाकिन्रा त्याचीच वाट अडवतं. संधिवातासाठी ते २००१ पासून वापरात आहे.

ही कल्पना माझी नाही, नवीही नाही. १८७६ मध्ये एब्स्टाइन या डॉक्टरने सॅलिसिलेट (अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं औषध) देऊन लघवीतली साखर उतरलेली पाहिली होती, १९०१ मध्ये विल्यमसननेही. बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातल्या लोकांनी तोच धागा पुढे नेला. २०१३ मध्ये त्याच कुळातल्या सॅल्सलेटच्या ४८ आठवड्यांच्या चाचणीचे आकडे आले, २८६ जण, एचबीएवनसी नुसती दिखाऊ गोळी दिलेल्या गटापेक्षा ०.३७ ने कमी. ते टाईप टूचं होतं, आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन थोडं वाढलं हेही त्यात होतं. दोन्ही गोष्टी मी लेखात लिहिल्या आहेत. लपवलेल्या नाहीत.

तुलनेचा गट नव्हता, हे खरं. 'लहान, प्राथमिक चाचणी' हे शब्द लेखाच्या दुसऱ्याच ओळीत आहेत. त्यावर आणखी काय बोलायचं?

पेनकिलरचं म्हणाल तर तिसरा परिच्छेद पुन्हा वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, आपल्या किडनीला आधीच जोखीम आहे. प्रेडनिसोलोन दाह उतरवतं पण शुगर आभाळाला नेतं, तेव्हा दाहशामक म्हणजे सगळी एक नव्हेत. हे ठळक अक्षरात आहे. माझे वाचक मुलांच्या जेवणातले कार्ब ग्रॅममध्ये मोजणारे आईबाप आहेत. ते एक लेख वाचून गोळ्या खात सुटतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही त्यांना कधी जवळून पाहिलेलं नाही.

राहिलं 'तज्ज्ञ होत नाही, ताई'. मी तज्ज्ञ आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. चाळीस हजारांच्या वर सुया टोचून घेतल्या आहेत, रोजची नोंद आहे, आणि इंग्रजी शोधनिबंध शब्दकोश जवळ ठेवून वाचायला मी स्वतः शिकले. एवढंच माझं भांडवल. ते कमी वाटत असेल तर वाटू द्या. पण 'ताई' हा शब्द आमच्याकडे आदराने म्हणतात, गप्प बसवायला नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. मात्र त्याच पानावर, तुमच्या खाली, नांदेडच्या एका आईने विचारलं होतं की तिच्या १३ वर्षांच्या मुलीचा डोस सहा महिन्यांत दुप्पट झाला, काय करावं. तुम्ही तिला एका ओळीत उत्तर दिलंत: "खाण्यावर लक्ष ठेवा." मी काल तिला एमिएलच्या अभ्यासाबद्दल लिहिलं आणि मुलीच्या डॉक्टरांशी वयात येण्याबद्दल नीट बोलायला सांगितलं. तिचा अजून निरोप नाही. तुम्ही खरंच डॉक्टर असाल तर माझं उत्तर नंतर लिहा, आधी तिच्याकडे परत जा. ती मुलगी आज शाळेतून घरी येईल तेव्हा तिच्या तोंडाचा वास कोणी घेऊ नये.