पंप मागेल त्याला, पण पाण्याचं काय?

सौर पंपाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. रात्री लाईटची पाळी आली की हातात बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणारे वडील मी पाहिलेत. पाय चिखलात, अंधारात विंचू-काट्याचा नेम नाही, आणि तेवढ्यात डीपी जळाला की पुढं कितीतरी दिवस वायरमनच्या मागं हिंडायचं. दिवसाउजेडी भिजवता आलं तर अख्ख्या घराला रात्रीची झोप मिळते. तेव्हा पंप द्या, भरपूर द्या.

पण पंप देताना सरकार काय मोजतं, ते बघा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढं साडेसात एचपीचा पंप. शेतकऱ्यानं किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. म्हणजे पंपाची ताकद ठरते सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून. पाण्याचा स्रोत शाश्वत आहे का ते तपासायचं, असं योजनेत म्हटलंय खरं. पण एका बोअरला आज पाणी आहे का, हे बघणं सोपं. शिवारातल्या सगळ्या मोटरी चालू झाल्यावर मे महिन्यात काय उरेल, हे कोण बघणार? त्यात एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली. सौर पंपाला तर बिलाचा प्रश्नच नाही, ऊन आहे तोवर चालवा. उपशाला जो काही थोडाफार लगाम होता तोही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी बसवला नाही.

1972 च्या दुष्काळात मराठवाड्यानं जागोजागी खडक फोडून पाणी काढलं ते पिण्यासाठी. आज देशभर दिसणारा 'इंडिया मार्क टू' हापसा ज्या पंपांवरून घडला, त्यातला एक जालन्याच्या मिशनमध्ये तयार झाला होता आणि पुढं सोलापुरात त्यात सुधारणा झाली. त्या हापशानं कितीतरी गावं जगवली. त्याच्यातून पाणी किती निघणार, तर हापसणाऱ्या बाईच्या दंडात जितका जोर तितकं. सबमर्सिबल मोटर आली आणि ही मर्यादाच संपली.

आपल्याकडचा दगड वाळूसारखा नाही. वर काळी माती, मग मुरूम, मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी मुरतं, साठतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात, जुन्या विहिरींच्या खोलीइतक्यात. खाली पाषाणात पाणी असतं ते फटींमध्ये. फट लागली तर लागली. आणि एकच फट तीन शेतांखालून गेलेली असली, तर जास्त खोल जाणारा बाकीच्यांचं पाणी ओढतो. मग तेही आणखी खोल जातात.

आमच्या दादाच्या शेतात बोअर घेतलं तेव्हा मी तिथं होते. गाडी तमिळनाडूची. आपल्याकडं फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या तिरुचेंगोड भागातल्या असतात. पाणाड्यानं नारळ धरून जागा दाखवलेली. तीनशे फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा. लिंबाच्या झाडाची पानं, आमचे केस, वहिनीनं झाकून आणलेली भाकरी, सगळ्यावर पिठासारखी धूळ. दर वेळी रॉड जोडताना ऑपरेटर विचारायचा, "सेठ, और पचास?" खोलीबरोबर फुटाचा भावही चढतो. दादा वहिनीकडं न बघता मान हलवायचा. पाचशेच्या पुढं ओला चिखल आला तेव्हा वहिनी रडली. ते पाणी दोन उन्हाळे टिकलं. कर्ज अजून आहे.

यात दादाला दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. 'ऊस कशाला लावता?' असं शहरात बसून विचारणं फार सोपं आहे. 2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात क्विंटलला चार हजारांच्या आसपास मिळत होते. उसाला कारखाना आहे, एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, उशिरा का होईना पैसे येतात. मांजरा खोऱ्यात कारखान्यांना परवाने शेतकऱ्यांनी दिले नव्हते. तिथल्या पाण्याचं काय होणार, हे परवाना देताना बघायचं काम सरकारचं होतं. पुढं 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. 2025 च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात जमिनी खरवडून नेणारा पूर आला. असा पाऊस झाला की सगळ्यांचा धीर वाढतो, ऊसही वाढतो, आणि पाणी मोजायचं बोलणं मागं पडतं.

कायदा नाही असंही नाही. राज्याचा भूजल अधिनियम 2009 चा, अंमलात आला काही वर्षांनी. शेती-उद्योगासाठी 60 मीटर आणि त्याहून खोल जायला त्यात बंदी आहे, बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहे. 2018 मध्ये त्याच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी आला. 60 मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. आमच्या शिवारात दोनशे फुटांवर थांबलेलं बोअर दाखवा.

मात्र बंदीचा बडगा एकट्या शेतकऱ्यावर उगारून काही होणार नाही. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, हे गावानं मिळून ठरवलं. उसा-केळीला नाही म्हटलं. दरवर्षी पाऊस मोजून, पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढून मग पिकं ठरवतात. केंद्राच्या अटल भूजल योजनेतही गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आलं आणि किती उपसलं याचा हिशोब, मांडायचा होता. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. म्हणजे मोजायची पद्धत आहे, माणसं आहेत. पण हे आकडे एका कार्यालयात आणि पंपाची मंजुरी दुसऱ्या कार्यालयात.

पंपाच्या अर्जाला गावाचा ताळेबंद जोडा, एवढीच मागणी आहे. ज्या गावात उपसा जास्त, तिथं सौर पंपासोबत ठिबक सक्तीचं करा आणि त्याचं अनुदान वेळेवर द्या. तूर, ज्वारी, सोयाबीन हमीभावानं खरंच खरेदी करा, म्हणजे ऊस सोडणाऱ्याला हिंमत येईल. आमच्या गावात 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दादा आणि त्याच्या बरोबरीचे काही जण दोन ठराव मांडणार आहेत: गावात पर्जन्यमापक बसवायचा आणि रब्बीच्या पेरणीआधी निरीक्षण विहिरीची पातळी चावडीच्या फळ्यावर लिहायची. तुमच्या गावात असं कुणी केलं असेल, तर ठराव कसा लिहिला ते कमेंटमध्ये टाका. मी ते दादाला पाठवते.