धूर छातीपाशी थांबत नाही

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दिवाळीपासून एक मेसेज फिरतोय: "आपलं शहर देशात सगळ्यांत स्वच्छ, इथल्या हवेची काळजी नको. धूर नाकातच अडतो, फार तर छातीत जातो. मेंदूचा काय संबंध? रात्री गुळाचा खडा खा, सगळं साफ." मामांनी तो तीनदा पाठवला, म्हणून लिहायला बसले.

स्वच्छतेचा मान खराच. 2017पासून सलग सात वर्षं पहिला नंबर, मलाही त्याचा अभिमान आहे. पण तो झाडलोटीचा, ओल्या-सुक्या कचऱ्याचा. झाडलेल्या रस्त्यावरही डिझेलचा धूर निघतोच. परवा सकाळी पुसलेल्या तुळशीच्या पानावरून संध्याकाळी बोट फिरवलं, तर बोट काळं. आणि ही तर दिसणारी धूळ! हवेच्या अ‍ॅपवर 'समाधानकारक' दिसलं म्हणूनही निवांत होऊ नका: पीएम 2.5ची, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांची, आपली 24 तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15.

"नाकात अडतो" हे जाड धुळीपुरतं खरं. पीएम 2.5चा कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाएवढाही नसतो. तो फुप्फुसाच्या तळाशी पोचतो. त्याहून बारीक कण रक्तात उतरतात. दुसरी वाट आणखी जवळची. वासाचे मज्जातंतू नाकाच्या छतातून थेट मेंदूत जातात, आणि उंदरांना श्वासातून दिलेले बारीक कार्बनकण मेंदूच्या वासाच्या भागात सापडले आहेत. 2016 साली ब्रिटिश शास्त्रज्ञ बार्बरा माहेर यांच्या गटाला मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या 37 मृत व्यक्तींच्या मेंदूंत मॅग्नेटाइटचे (लोहाचं चुंबकीय खनिज) गोल, गुळगुळीत कण दिसले. मॅग्नेटाइट शरीरातही तयार होतं, पण त्याचे स्फटिक कोनदार असतात. गोल कण इंजिन-ब्रेकच्या भयंकर उष्णतेत बनतात. त्यांच्यामुळेच अल्झायमर होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण कण मेंदूत पोचला नाही, तरी फुप्फुसातला दाह रक्तावाटे तिथवर जातो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2020मध्ये प्रदूषित हवेला स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या गोष्टींत धरलं. पक्षाघाताचा धोका वाढतो, हे तर त्याआधीपासून माहीत आहे.

गूळ जातो पोटात, धूर जातो श्वासनलिकेत. दोघांची गाठ पडत नाही.

मामा, तुम्ही रोज संध्याकाळी पलासिया चौकातून, गाड्यांच्या धुरातून फिरायला जाता. उद्यापासून रेसिडेन्सीच्या झाडांखालून जाऊ, मी येते सोबत. आणि तो मेसेज ग्रुपवरून काढून टाका.